आईची गोळी कोण देणार?

आई चार महिने माझ्याशी खोटं बोलत होती, आणि तेही मीच तिच्या मोबाईलमध्ये टाकून दिलेल्या ॲपमधून.

झालं असं. बोरगाव मेघेत आमच्या शेजारच्या काकूंना घेऊन आई दवाखान्यात गेली होती. रांगेत बसल्या बसल्या सिस्टरने तिचंही बीपी मोजलं. १६८/१०२. दोन दिवसांनी परत मोजलं, तरी तसंच. ॲम्लोडिपिन ५ मिलीग्रॅम, रोज सकाळी एक. मी पुण्यात. सॉफ्टवेअरवाला मुलगा अशा वेळी जे करतो तेच मी केलं. एक ॲप शोधलं, रोज सकाळी आठचा गजर लावला. आईने गोळी घेतली की तिने हिरवी खूण दाबायची आणि मला इकडे नोटिफिकेशन यायचं. सलग किती दिवस झाले तो आकडाही दिसायचा. मी त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसमधल्या मित्रांना दाखवला होता. म्हटलं, बघा, प्रॉब्लेम सॉल्व्ह.

दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी गेलो. देवघराखालच्या खणात काडेपेटी शोधत होतो, तर हाताला गोळ्यांच्या पट्ट्या लागल्या. मोजणं हा इंजिनिअरचा रोगच आहे, मोजल्या. १२० पैकी ७१ गोळ्या शिल्लक होत्या. ॲपमध्ये मात्र एकही दिवस चुकलेला नव्हता.

‘‘हे काय आहे, आई?’’

‘‘अरे, ते टुंग टुंग वाजूनच राहते. बटन दाबलं का बंद होते. नाई दाबलं का तुह्या फोन येते.’’

‘‘मग गोळी?’’

‘‘मले काई होतच नाई तं गोळी कायले? डोकं दुखत नाई, चक्कर येत नाई.’’

मी चिडलो. तुला लकवा मारला तर कोण करणार, असंही बोलून गेलो. ती काही न बोलता चिवड्याला फोडणी द्यायला निघून गेली. त्या दिवाळीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. तिची गोळी ही कुणाची जबाबदारी? तिची, माझी, की आणखी कुणाची?

कळतं, मग वळत का नाही?

आपल्याकडे याला तयार उत्तर आहे: कळतं पण वळत नाही. ॲरिस्टॉटलने याच कोड्यावर बराच विचार केला होता. चांगलं काय हे माहीत असूनही माणूस उलटं का वागतो? ग्रीक भाषेत त्याला ‘अक्रेसिया’ म्हणतात, म्हणजे साधारणपणे स्वतःवरचा ताबा नसणं. आपण रोग्याकडे याच चष्म्यातून बघतो. गोळी घेत नाही म्हणजे एकतर अडाणी, नाहीतर आळशी.

पण हे निदान टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांवर एक अहवाल काढला होता. त्यानुसार श्रीमंत, शिकलेल्या देशांतही अशा आजारांचे साधारण निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. त्याच संघटनेचा २०२३चा अहवाल सांगतो की जगात उच्च रक्तदाब असलेल्या पाच जणांपैकी जेमतेम एकाचा रक्तदाब आटोक्यात आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन लिखाणातही वैद्याला सावध केलेलं आहे, की रोगी औषध घेतल्याचं खोटं सांगतात. म्हणजे माझी आई अडीच हजार वर्षांच्या परंपरेतली आहे. इतकी माणसं इतका काळ एकच चूक करत असतील, तर दोष फक्त स्वभावाचा नसावा.

खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेकांना वाढलेला रक्तदाब जाणवतच नाही. गोळीने तो उतरला तरी तेही जाणवत नाही. तापाच्या गोळीने ताप उतरतो, शरीर स्वतः साक्ष देतं. बीपीच्या गोळीचं यश म्हणजे काहीच न घडणं. दहा वर्षांनी जो झटका आलाच नाही, तो कुणाला दाखवणार?

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. १९९९ संपताना जगभरच्या प्रोग्रामरनी तारखेचा दोष दुरुस्त केला, आणि १ जानेवारी २००० ला फारसं काही बिघडलं नाही. लगेच लोक म्हणाले, उगाच बाऊ केला होता. सर्व्हर बंद पडला तर दहा फोन येतात. तो बंद पडला नाही म्हणून आजवर मला एकाही माणसाचा फोन आलेला नाही.

जेफ्री रोज नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८१ साली याची आणखी अवघड बाजू मांडली. त्याला तो प्रतिबंधाचा विरोधाभास म्हणतो: ज्या उपायाने सगळ्या समाजाचा मोठा फायदा होतो, त्याच उपायाने एकेका माणसाच्या पदरात फार थोडं पडतं. शंभर जणांनी वर्षानुवर्षं गोळी घेतली तर त्यातले काही मोजके वाचतात. ते कोण, हे कधीच कळत नाही. बाकीच्यांनी घेतली नसती तरी कदाचित चाललं असतं. म्हणजे आईचं ‘मले काई होत नाई’ हे अज्ञान नव्हे. तिच्या जागेवरून दिसणारं ते खरं दृश्य आहे. चूक इतकीच, की त्या जागेवरून उद्या दिसत नाही.

सेवाग्रामची फाईल

आमच्या घरापासून सेवाग्राम दुचाकीवर वीसेक मिनिटांवर. शाळेची सहल तिथे गेली नाही असा वर्ध्याचा पोट्टा सापडायचा नाही. पण गांधीजींना उच्च रक्तदाब होता, हे मला त्या सहलींत कुणी सांगितलं नाही. २०१९ मध्ये, दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात २६ ऑक्टोबर १९३७ चं बीपी १९४/१३० आहे आणि १९ फेब्रुवारी १९४० चं २२०/११०. आज एवढ्या आकड्यांना डॉक्टर घरी जाऊ देणार नाहीत.

त्यांच्याकडे आजच्यासारखी गोळी नव्हती. विश्रांती, मौन, मातीच्या पट्ट्या, मोजका आहार, यांवरच भर होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचीही वेगळी गत नव्हती. १२ एप्रिल १९४५ ला फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० मोजलं गेलं होतं. मोजता येत होतं, थांबवता येत नव्हतं. त्यानंतर १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि जगाचं लक्ष या आपल्या मुळीकडे गेलं. बीपी उतरवल्याने माणसं खरोखर वाचतात याचा पक्का पुरावा अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीतून यायला १९६७ उजाडलं.

मी हे सगळं आईला सांगितलं. रूझवेल्टला जी मिळाली नाही ती गोळी तुला फुकट मिळते आणि तू ती काडेपेटीजवळ ठेवतेस, असं. ती म्हणाली, ‘‘बरं.’’ आईचं ‘बरं’ म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल.

पण त्या फाईलमधली एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, ती नंतर दिसली. नोंदी आहेत म्हणजे कुणीतरी त्या माणसाजवळ बसून बीपी मोजत होतं, लिहून ठेवत होतं. डॉ. सुशीला नायर वर्षानुवर्षं गांधीजींची प्रकृती सांभाळत होत्या. पुढे १९६९ मध्ये त्यांनीच सेवाग्रामला मेडिकल कॉलेज उभं केलं. जगाला स्वावलंबन शिकवणाऱ्या माणसाचं बीपीसुद्धा एकट्याचं नव्हतं.

वाटीतली गोळी

बाबांनाही बीपी आहे, गेली नऊ वर्षं. त्यांची एकही गोळी चुकत नाही. मी आईला त्यांचंच उदाहरण द्यायचो: बाबा बघ किती शिस्तीचे.

त्याच दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, मी ताटावर बसलो असताना नीट बघितलं. बाबांच्या ताटाशेजारी छोटी वाटी होती, वाटीत गोळी, बाजूला पाण्याचा गडू. बाबांनी बातम्यांवरची नजर न काढता गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, वाटी सरकवून दिली. आईने ती उचलली. नऊ वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी त्याला बाबांची शिस्त म्हणत होतो.

ती शिस्त आईची होती. पट्टी संपायच्या आधी नवी आणायची आठवण तिची, डॉक्टरची तारीख तिच्या डोक्यात, भाजीत मीठ कमी तिच्या हाताने. बाबांच्या आज्ञाधारकपणामागे एका बाईची रोजची मेहनत होती, आणि त्या बाईची गोळी कुणीच वाटीत ठेवत नव्हतं. ती सगळ्यांच्या नंतर जेवते. सकाळी आठला गजर व्हायचा तेव्हा तिच्या एका हातात पोळीचं लाटणं असायचं आणि दुसऱ्या हातात बाबांचा डबा. त्या क्षणी माझं ॲप तिला आणखी एक काम सांगत होतं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. एकादशीला आणि नवरात्रात ती गोळी घेत नव्हती, उपाशीपोटी औषध कसं घ्यायचं म्हणून. गोळी सुरू झाल्यावर पायाच्या घोट्यांना सूज यायला लागली होती. ॲम्लोडिपिनने काहींना येते, आणि डॉक्टरला सांगितलं तर गोळी बदलून मिळते. तिने कुणालाच सांगितलं नाही. ‘‘तुले सांगतलं असतं तं तू घाबरला असता.’’ आणि सगळ्यात खोलवरचं म्हणजे गल्लीतल्या बायकांचं वाक्य: ‘‘एकदा गोळी लागली का सुटत नाई.’’ गोळी ‘लागते’, दारू लागते तशी. भाषेनेच गोळीला व्यसनाच्या रांगेत बसवलं आहे. आजार आधीपासून असतो, पण आजारी असल्याची तारीख मात्र पहिल्या गोळीपासून मोजली जाते. म्हणून गोळी टाळली की आजार टळला असं वाटतं.

माझी स्वतःची पट्टी

इथपर्यंत वाचून तुम्हाला मी समजूतदार मुलगा वाटलो असेन तर थांबा.

माझं वय २८. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं बीपी १५२/९८ निघालं. मशीन बिघडलं असेल, कॉफी झाली होती, रात्री डिप्लॉयमेंट होतं. महिनाभराने परत मोजलं, तेवढंच. डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोघांनाही आहे तर हलक्यात घेऊ नका, तीन महिने मीठ, वजन, झोप सांभाळा, नाही उतरलं तर गोळी. नाही उतरलं.

ती गोळी मी व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवायचो, म्हणजे रूम पार्टनरला दिसू नये. आठवड्यातून चारेक दिवस घ्यायचो. आणि त्याच महिन्यांत घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. बायोडाटात उंची, पगार, गोत्र, अपेक्षा, सगळ्याला रकाना होता. बीपीला नव्हता. मी स्वतःला समजावलं की विचारलेलंच नाही तर न सांगणं म्हणजे खोटं नव्हे. एका रविवारी मुलगी बघायला जायचं होतं. तेव्हा घरून निघण्याआधी मी ती बाटली बॅगेतून काढून ठेवली. कुणी बॅग उघडणार नव्हतं. तरी काढली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, १५ वर्षांवरच्या साधारण २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यावर औषध घेत होते. चार-पाच जणांमागे एक. तरीही प्रत्येक जण आपली पट्टी अशी लपवतो, जणू गावात तो एकटाच आहे.

मला सगळं कळत होतं. रोज कळत होता आणि रूझवेल्टही. माझ्या फोनमध्ये आईच्या गोळीचा गजर होता, माझ्या गोळीचा नव्हता.

विचारायचा हक्क

मग प्रश्न असा: मी आईची गोळी तपासावी का? की ते तिचं शरीर, तिचा निर्णय?

आमच्या जिल्ह्याला बाहेरून लादलेल्या शिस्तीचा जुना अनुभव आहे. गांधीजींच्या आठवणीखातर वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. आणि इथे दारू मिळते की नाही हे कुठल्याही वर्धेकराला विचारा. बंदी आली की माणूस सोडायला शिकत नाही, लपवायला शिकतो. माझं ॲप ही एक छोटी दारूबंदीच होती. त्याने आईला गोळी घ्यायला शिकवलं नाही, बटन दाबायला शिकवलं. आणि मला घरची काळजी घेतल्याचं समाधान फुकट मिळालं. आयटीत ‘कम्प्लायन्स’ नावाचं ट्रेनिंग असतं, व्हिडिओ न बघता ‘नेक्स्ट’ दाबत जायचं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. डॉक्टरी भाषेतही रोग्याने औषध घेण्याला आधी कम्प्लायन्स म्हणजे आज्ञापालनच म्हणायचे. आईनेही ‘नेक्स्ट’च दाबलं होतं.

पण याच्या उलट टोकावरचं उत्तरही मला पटत नाही. ‘तिचं ती बघेल’ हे ऐकायला आदराचं वाटतं, पण पुष्कळदा ते हात झटकणं असतं. झटका आला तर ती लुळी पडेल, पण तिला उठवणारे हात दुसऱ्यांचे असतील. ज्या घरात एकाचं आजारपण सगळ्यांचं होतं, तिथे गोळी पूर्णपणे खाजगी कशी असेल? शिवाय निर्णय तिचा आहे म्हणताना तो घ्यायला तिला काय दिलं होतं? पायाची सूज ऐकून घेणारा माणूस नव्हता, सकाळी आठला रिकामा हात नव्हता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम देशातल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि आपला वर्धा. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. रोग्याला उपदेश करणं हा त्याचा मुख्य भाग नाही. सगळीकडे एकच सोपी औषधयोजना, गोळ्यांचा तुटवडा पडू न देणं, महिन्याच्या गोळ्या एकदम, घराजवळच्या केंद्रात बीपी मोजणं, हा भाग मुख्य. महाराष्ट्रासह काही राज्यांत त्यासाठी ‘सिंपल’ नावाचं ॲप वापरतात. त्यात सिस्टरला यादी दिसते, की कोण ठरलेल्या तारखेला आलं नाही, आणि ती त्यांना फोन करते.

मी धंद्याने ॲप बनवतो, म्हणून हा फरक मला झोंबला. माझ्या ॲपचा गजर चुकणाऱ्या माणसाच्या कानाशी वाजत होता. त्या ॲपचा गजर काळजी घेणाऱ्याच्या कानाशी वाजतो. माझं ॲप विचारत होतं, तू का नाही घेतलीस? ते विचारतं, ती का आली नाही, आपण काय करायला हवं?

म्हणून मला आज असं वाटतं: दुसऱ्याच्या गोळीबद्दल विचारायचा हक्क नात्याने आपोआप मिळत नाही, आणि भीती दाखवून तर नाहीच. तो दोन गोष्टींनी मिळतो. एक, तिच्या वाटेतलं थोडं ओझं आपण उचललं पाहिजे. दोन, तोच प्रश्न तिने आपल्याला विचारला तर खरं उत्तर देता आलं पाहिजे. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. होता फक्त एक हिरवा आकडा.

त्यानंतर

दिवाळीहून निघायच्या आदल्या रात्री मी व्हिटॅमिनची बाटली आईसमोर ठेवली आणि आत काय आहे ते सांगितलं. ती बराच वेळ बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘काहून लपवलं रे?’’ मी म्हटलं, ‘‘तू काहून लपवलं?’’ दोघंही हसलो नाही. पण त्या रात्री तिने मला पायाची सूज दाखवली.

दुसऱ्या दिवशी मीच तिला दवाखान्यात नेलं. गोळी बदलून मिळाली. उपवासाच्या दिवशीही पाण्यासोबत घेतलेली चालते, हे तिने डॉक्टरच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं. ॲप काढून टाकलं. आता रोज सकाळी तीच मला फोन करते, ‘‘घेतली का?’’ म्हणून. मग मी तिला विचारतो. कधी ती ‘‘काल राह्यली’’ म्हणते, कधी मी म्हणतो. हिरव्या आकड्यापेक्षा हे ‘राह्यली’ मला जास्त खरं वाटतं. पुढच्या स्थळाच्या वेळी मुलीशी एकटं बोलायला मिळालं, तेव्हा मी बीपीचं सांगून टाकलं. ते स्थळ जुळलं नाही. कारण विचारलं नाही.

आणि वाटी. बाबांना मी म्हटलं, आईची गोळी आता तुम्ही ठेवत जा. ते आधी ‘‘ते माह्याच्यानं होत नाई’’ म्हणाले, पण ठेवायला लागले. पहिल्या आठवड्यात तीनदा विसरले.

परवा फोनवर आई सांगत होती, त्या दिवशीही बाबा विसरले. मी म्हटलं, मग तू आठवण करून द्यायची ना, किंवा स्वतःच घ्यायची.

‘‘नाई देल्ली आठवण,’’ ती म्हणाली. ‘‘बसली होती पाहत, यायले आठवते का नाई तं.’’

‘‘मग?’’

‘‘दहा वाजता आठवलं. पाणी आनाचं विसरले, पन गोळी आनली.’’